दफा ३०९ : शिक्षेकडून मदतीकडे

गुरुवारी छावणीचा बाजार असतो. त्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षाही थांबत नाही, म्हणून कोणी भेटायला येणार असेल तर मी गुरुवार सोडून यायला सांगते. गेल्या वर्षी अशाच एका गुरुवारी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई त्या गर्दीतून पायी वाट काढत घरी आली. हातात पिशवी होती. पिशवीत भाजी नव्हती, दवाखान्याची फाईल होती.

"टीचर, ये पढ़ के बताओ. इसमें पुलिस का कुछ लिखा है क्या?"

मी फाईल उघडली. मुलगा चार दिवस दवाखान्यात होता. डिस्चार्ज कार्डावर जे लिहिलं होतं त्याचा अर्थ एवढाच, की हे सगळं चुकून, अपघाताने झालं. पुढे गोळ्या, हलका आहार, पाच दिवसांनी दाखवायला या. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. "मैंच वैसा बोली डॉक्टर को. सच बोलती तो केस हो जाता ना?"

मुलाने जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला होता. घरच्यांनी भीतीपोटी त्याला अपघात म्हटलं. डॉक्टरांनी जे सांगितलं गेलं त्यावर उपचार केले आणि शरीर वाचवलं. पण त्या चार दिवसांत मुलाला एकानेही विचारलं नाही, की बाळा, तुला काय होतंय? विचारणार कसं? कागदावर तर अपघात होता.

मी भाषा शिकवते, कायदा शिकवत नाही. पण 'अपघात' हा शब्द मला बरेच दिवस टोचत राहिला. एका आईला आपल्या मुलाचा जीव वाचत असतानाही खोटं का बोलावंसं वाटलं? या भीतीचा माग काढत गेले तेव्हा ती फार जुनी निघाली. तोच इतिहास आज वाचकांपुढे ठेवते.

भीती कुठून आली?

इंग्रजांच्या काळात, १८६० साली भारतीय दंडसंहिता मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२पासून ती लागू झाली. तिच्यातलं कलम ३०९ सांगत होतं, की जो आत्महत्येचा प्रयत्न करील त्याला एक वर्षापर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे जो मेला तो कायद्याच्या हाती लागत नसे. जो वाचला तो आरोपी होत असे.

या दंडसंहितेचा उर्दू तर्जुमा 'ताजीरात-ए-हिंद' या नावाने झाला. त्या कामात डिप्टी नजीर अहमद यांचा हात होता. उर्दूतले सुरुवातीचे कादंबरीकार म्हणून आम्ही त्यांना वर्गात शिकवतो ते हेच. पुढे ते काही काळ हैदराबाद संस्थानात नोकरीलाही होते. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. निजामाच्या राज्यात याच धर्तीची स्वतंत्र दंडसंहिता चालत असे. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झालं आणि १९५१ साली भारतीय दंडसंहिता इथेही लागू झाली. राज्य बदललं, ही भीती मात्र बदलली नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजूनही 'कलम' येत नाही, 'दफा' येतो.

उर्दू कायद्याच्या भाषेत या गुन्ह्याला 'इक़दाम-ए-ख़ुदकुशी' म्हणतात. 'इक़दाम' म्हणजे उचललेलं पाऊल. 'क़दम' त्याच धातूपासून आला आहे. मराठीत आपण 'आत्महत्या' म्हणतो, त्यात 'हत्या' आहेच. पण घराघरांत हा शब्द कोणी वापरत नाही. आई म्हणते, "पोराने जिवाचं बरंवाईट केलं तर?" कायद्याच्या दोन्ही शब्दांत गुन्हा ऐकू येतो. आईच्या शब्दात काळजी ऐकू येते. दीडशे वर्षं कायद्याने आईची भाषा ऐकली नाही, एवढंच या इतिहासाचं सार आहे असं मला वाटतं.

ज्या इंग्लंडमधून ही कल्पना आली त्या देशाने १९६१मध्ये कायदा करून आत्महत्येचा प्रयत्न गुन्ह्यांतून काढून टाकला. आपल्याकडे १९७१ साली विधी आयोगाने आपल्या ४२व्या अहवालात हे कलम रद्द करायची शिफारस केली. १९७८मध्ये तसं विधेयक राज्यसभेत मंजूरही झालं. पण लोकसभेत ते मंजूर होण्याआधीच १९७९मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिथेच राहिलं. एका विसर्जनाने ही गोष्ट जवळजवळ चार दशकं मागे पडली.

मुंबईचा एक पोलीस शिपाई

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ, कारण या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण इथेच आलं.

मुंबई पोलीस दलात एक शिपाई होता. रस्त्यावरच्या अपघातात त्याच्या डोक्याला मार लागला आणि त्यानंतर त्याचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. मानसिक आजाराचे उपचार सुरू झाले. संसाराला आधार म्हणून बायकोला भाजीच्या दुकानासाठी परवाना हवा होता. त्या कामासाठी १९८५ साली तो महापालिकेत आयुक्तांना भेटायला गेला. भेट मिळाली नाही. तिथेच त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. लोकांनी वेळीच अडवलं आणि तो वाचला. वाचल्यावर त्याच्या वाट्याला आला तो खटला, कलम ३०९खाली. आयुष्यभर ज्या खात्याची वर्दी घातली त्याच खात्याने त्याला आरोपी केलं.

कायद्याच्या पुस्तकांत हा खटला त्या शिपायाच्या नावानेच ओळखला जातो. मी ते नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. आजारी माणसाच्या सगळ्यात वाईट दिवसाने त्याची ओळख ठरावी, हे मला बरं वाटत नाही.

तो उच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर १९८६मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील यांच्या खंडपीठाने कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं : माणूस या टोकाला येतो त्याची कारणं अनेक असतात, सगळ्यांना एकाच मापाने गुन्हेगार ठरवणं अन्यायाचं आहे, आणि ज्याचं मन आजारी आहे त्याची जागा तुरुंगात नसून उपचारात आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९८५मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांनीही या कलमावर कडक टीका केली होती. हे तेच सच्चर, ज्यांच्या समितीचा २००६चा अहवाल आपल्या समाजात आजही चर्चेत असतो. कोणाच्याही दुःखाकडे आधी दुःख म्हणून पाहायचं, हा त्यांचा स्वभाव इथेही दिसतो.

यानंतरचा प्रवास सरळ झाला नाही. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने मुंबईसारखाच निकाल दिला आणि कलम रद्द ठरवलं. दोन वर्षंही झाली नाहीत तोच मार्च १९९६मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल फिरवला. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असं पीठाने म्हटलं आणि कलम पुन्हा जिवंत झालं. या वादात दोन्ही बाजूंनी हक्काचा प्रश्न मोठा झाला. पण जो वाचला आहे त्याला मरण्याचा हक्क आहे का, यापेक्षा त्याला उद्या सकाळी कोण भेटणार, हा प्रश्न जास्त निकडीचा होता. तो मागे राहिला.

कायद्याने शेवटी काय म्हटलं?

२००८मध्ये विधी आयोगाने २१०वा अहवाल दिला. त्याने या प्रश्नाकडे माणुसकीच्या नजरेने पाहिलं आणि कलम काढून टाकायची पुन्हा शिफारस केली. २०११मध्ये अरुणा शानबाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही संसदेने याचा विचार करावा असं सुचवलं.

मग २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. तो मे २०१८पासून लागू झाला. त्यातलं कलम ११५ प्रत्येक घरात माहीत असायला हवं. त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली : जो आत्महत्येचा प्रयत्न करतो तो तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत त्याच्यावर खटला चालवायचा नाही आणि त्याला शिक्षा द्यायची नाही. दुसरी गोष्ट मला अधिक मोठी वाटते : अशा माणसाला काळजी, उपचार आणि पुनर्वसन देणं, म्हणजे पुन्हा तशी वेळ येणार नाही हे पाहणं, हे सरकारचं कर्तव्य आहे. १८६०च्या कायद्यात वाचलेला माणूस आरोपी होता. २०१७च्या कायद्यात तो घेणेकरी झाला, आणि त्याचं देणं सरकारकडे आहे.

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात ३०९ सारखं कलम ठेवलेलं नाही. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नव्या संहितेत कलम २२६ आहे. सरकारी अधिकाऱ्याला एखादं काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा रोखण्यासाठी असा प्रयत्न केला तर तो आजही गुन्हा आहे. मुंबईचा तो शिपाई आज आयुक्तांच्या दारात असता, तर त्याला कोणत्या कलमात बसवलं असतं? हा प्रश्न अजून आपल्यापुढे आहे. ज्याच्या दुःखाने हा वाद सुरू झाला, त्याच्यासारख्या माणसासाठी दार अजून पूर्ण उघडलेलं नाही.

दवाखान्यात अशा रुग्णाची पोलिसांकडे नोंद आजही होते. तिला एमएलसी म्हणतात. पोलीस येऊन जबाबही घेतात. पण नोंद म्हणजे खटला नव्हे. त्या आईला मी हेच सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "ये बात हमको किसी ने बताई नै."

आणि दीन काय म्हणतो?

आमच्या घरांत आणखी एक भीती असते. खुदकुशी हराम आहे, हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. ते खरंच आहे, त्यावर मला काही बोलायचं नाही. पण हे वाक्य कोणाला आणि कधी ऐकवायचं, याचा विचार आपण करत नाही. दवाखान्यातून नुकत्याच आलेल्या मुलाच्या उशाशी बसून कोणी काका-मामा ते ऐकवत असेल, तर त्याने मूल सावरत नाही, फक्त पुढच्या वेळी बोलायचं बंद होतं. जो वाचला आहे, त्याच्यासाठी रहमतीचं दार उघडंच आहे.

कुरआनात हजरत मरियम यांचा प्रसंग आपण सगळ्यांनी वाचला आहे. प्रसूतीच्या वेदनेत, एकट्या, खजुराच्या झाडाला टेकलेल्या असताना त्यांच्या तोंडून निघतं, की याआधीच मी मेले असते तर बरं झालं असतं. त्यावर त्यांना रागावलं गेलं नाही. दुःख करू नकोस असा आवाज आला, पायाशी झरा दाखवला गेला, ताजे खजूर मिळाले, खा, पी असं सांगितलं गेलं. आधी धीर, मग पाणी, मग अन्न. मरणाची इच्छा बोलून दाखवणाऱ्याशी कसं वागायचं, याचा याहून सोपा धडा मला ठाऊक नाही.

मनाच्या आजाराला औषध घेणं हे ईमान कमी असल्याचं लक्षण आहे, असं समजणाऱ्यांनी अबू ज़ैद अल-बल्खी यांचं नाव जरूर शोधावं. नवव्या-दहाव्या शतकातले हे विद्वान आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खचे. त्यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. हकीम लोक शरीराबद्दल लिहितात, पण मनाच्या दुखण्याकडे लक्ष देत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. अकराशे वर्षांपूर्वीची ती तक्रार आपल्या डिस्चार्ज कार्डालाही लागू पडते.

नऊ वेळा विचारपूस

आता मदतीचा इतिहास. तो शिक्षेच्या इतिहासाइतका लांब नाही, पण आशेचा आहे.

१९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा नावाच्या पाद्र्याने 'समॅरिटन्स'ची सुरुवात केली. जीव नकोसा झालेल्या माणसाने फोन करावा आणि पलीकडच्याने फक्त ऐकावं, एवढीच कल्पना. तेव्हा इंग्लंडमध्ये असा प्रयत्न गुन्हाच होता. कायदा बदलायची वाट न पाहता माणसांनी ऐकायला सुरुवात केली. आपल्याकडे ज्या १९८६ साली मुंबईचा निकाल लागला, त्याच वर्षी चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 'स्नेहा' ही संस्था सुरू केली. एका शहरात न्यायालय शिक्षा नको म्हणत होतं आणि दुसऱ्या शहरात मदत कशी करायची हे शिकलं जात होतं.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला. त्यात आपल्या देशातून चेन्नई होतं. दवाखान्यात आलेल्या, आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या १,८६७ लोकांना त्यात घेतलं. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्यासोबत दोन गोष्टी मिळाल्या. दवाखाना सोडण्याच्या सुमारास तासभर निवांत बोलणं, आणि नंतर दीड वर्षात नऊ वेळा विचारपूस, फोनवर किंवा घरी जाऊन. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्यात, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. २००८मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले. विचारपूस झालेल्या गटात हे प्रमाण ०.२ टक्के होतं.

हे आकडे मी दोनदा वाचले. नऊ वेळा विचारपूस. कोणतंही महागडं यंत्र नाही, मोठी इमारत नाही. मात्र यासाठी एक अट आहे : दवाखान्याला खरं माहीत असायला हवं. ज्याच्या कागदावर 'अपघात' लिहिलंय, त्याला दुसऱ्या आठवड्यात कोणी फोन करत नाही. कलम ३०९ने किती लोकांना तुरुंगात पाठवलं यापेक्षा किती लोकांना या यादीबाहेर ठेवलं, तो हिशोब मोठा असणार आणि तो कधीच कुठे लिहिला जाणार नाही.

आपल्या घरात अशी वेळ आली तर

म्हणून वाचकहो, चार गोष्टी लिहून ठेवते. डॉक्टरांना खरं सांगा. औषधं ठरवायलाही ते लागतं. घरी सोडण्याआधी मानसोपचार तज्ज्ञांना दाखवायचं आहे असं स्वतः म्हणा, तो तुमचा कायद्याने दिलेला हक्क आहे. आपल्या घाटीत हा विभाग आहे. घरी आल्यावर सुरुवातीचे आठवडे जास्त जपायचे असतात. धोक्याची औषधं, शेतीची रसायनं कुलपात किंवा घराबाहेर ठेवा, आणि माणसाला एकटं पडू देऊ नका. "का केलंस?" असं विचारू नका. "आज कसं वाटतंय?" असं विचारा. मरणाचे विचार येतात का हे थेट विचारलं तरी चालतं. विचारल्याने विचार वाढत नाहीत, उलट ओझं हलकं होतं. औषध सुरू असेल तर बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करू नका.

आणि ज्याच्या मनात आज असा विचार असेल, किंवा जो अशा प्रसंगातून वाचून आला आहे, त्याच्यासाठी : १४४१६ हा 'टेली मानस'चा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्र सरकारने ही सेवा सुरू केली. फोनला पैसे लागत नाहीत, दिवस-रात्र कोणत्याही वेळी लागतो, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर १०८ किंवा ११२ लावा. आणि घरातल्या एका माणसाला जागं करा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

त्या दिवशी ती आई जायला उठली तेव्हा बाजार उठायला आला होता. मी तिला म्हटलं, उद्या फाईल घेऊन पुन्हा जा आणि डॉक्टरांना खरं सांग. ती गेली. मी सोबत गेले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी 'अपघात' खोडला, एक चिठ्ठी लिहिली आणि आम्ही मानसोपचाराच्या ओपीडीच्या रांगेत जाऊन बसलो. रांग मोठी होती. मुलगा पूर्ण वेळ मोबाईलकडे बघत होता, पण नंबर येईपर्यंत तो उठून गेला नाही.

घरी येऊन मी शाळेची डायरी काढली आणि नऊ तारखा लिहिल्या. पहिल्या फोनला त्याने 'हाँ', 'नै' यापलीकडे काही सांगितलं नाही. दुसऱ्यालाही तेच. चौथ्या आठवड्यात फोन लावायच्या आधी त्याचाच आला. "टीचर, आज आपका फोन आनेवाला था ना?"

आतापर्यंत सहा तारखांवर खूण झाली आहे. तीन बाकी आहेत.